घरोघरचा पांढरा 'पॉमेरियन' मुळात पॉमेरियन नव्हताच, मग तो होता कोण?

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. पिक्चरमध्ये सलमान होता, माधुरी होती, १४ गाणी होती आणि एक पांढराशुभ्र कुत्रा होता. नाव टफी. क्रिकेटच्या मॅचमध्ये हा गडी अंपायर होता आणि शेवटी चिठ्ठी भलत्याच्या हातात देऊन लग्नाचा सगळा घोळ निस्तरणाराही तोच होता.

त्या काळात आपल्याकडे ज्यांच्या घरी कुत्रा असायचा, त्यातल्या बऱ्याच घरांत तो टफीसारखाच असायचा. पांढरा, झुबकेदार शेपटी पाठीवर वळलेली, टोकदार कान, कोल्ह्यासारखं तोंड. गेटवर 'कुत्र्यापासून सावधान'ची पाटी आणि पाटीच्या मागे हे सहा किलोचं प्रकरण. पाहुणे आले की दार उघडायच्या आधीच यांचं भुंकणं सुरू. आणि कुणी विचारलं की "कुठल्या जातीचा हो?" तर उत्तर ठरलेलं, "पामेरियन आहे."

माझ्या मावशीकडे नाशिकला अशीच एक होती. स्वीटी. तिच्या लसीकरणाच्या कार्डावरही जातीच्या रकान्यात 'पॉम' असंच लिहिलेलं होतं. ती पॉमेरियन नव्हती हे मला कळलं तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ती होती इंडियन स्पिट्झ. टफीही तोच. आपण ज्याला वर्षानुवर्षं पॉमेरियन म्हणत आलो, ती बहुतेक सगळी कुत्री याच जातीची. आता तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? पण नावामुळे आपण त्याला नक्की काय समजतो हे ठरतं, आणि काय समजतो त्यावर त्याला खायला काय घालतो, उन्हाळ्यात त्याचं काय करतो, आजारी पडल्यावर किती लवकर दवाखान्यात नेतो हे ठरतं. इंडियन स्पिट्झच्या बाबतीत ही गडबड बरीच महागात पडलेली आहे.

मग पॉमेरियन कोण?

बाल्टिक समुद्राच्या काठाला पोमेरेनिया नावाचा प्रदेश आहे. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आणि थोडा जर्मनीत येतो. त्या भागातून इंग्लंडमध्ये गेलेल्या कुत्र्यांना लोक पॉमेरियन म्हणायला लागले. १८व्या शतकात राजा तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्याकडे ही कुत्री होती. तेव्हाच्या चित्रांमध्ये ती दिसतात आणि बघून आश्चर्य वाटतं, कारण ती चांगली दणकट, मोठी कुत्री आहेत.

मग आली राणी व्हिक्टोरिया. १८८८ साली ती इटलीत फ्लोरेन्सला गेली होती, तिथून तिने मार्को नावाचा एक पॉमेरियन आणला. त्याचं वजन १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. राणीने पाळला म्हटल्यावर फॅशन येणारच. लोकांना छोटी कुत्री हवीशी झाली, पाळणाऱ्यांनी दर पिढीत छोट्यातली छोटी पिल्लं निवडली आणि पॉमेरियन आक्रसत गेला. १९०१ साली राणी गेली तेव्हा तिच्या बिछान्यावर टुरी नावाचा तिचा पॉमेरियन होता असं सांगतात. आजचा अस्सल पॉमेरियन भरतो दोन ते सव्वातीन किलो. नाक अगदी आखूड, तोंड बाहुलीसारखं, केस इतके दाट की कुत्रा कमी आणि कापसाचा गोळा जास्त वाटतो.

आता तुमच्या लहानपणीचा शेजाऱ्यांचा 'पामेरियन' आठवा. तोंड लांबट, केस दाट पण गोळ्यासारखे फुगलेले नाहीत, पाय सडपातळ आणि वजन त्याच्या दुप्पट. हा वेगळाच कुत्रा आहे.

दोघांचं मूळ मात्र एकच, जर्मन स्पिट्झ. जर्मन भाषेत 'स्पिट्झ' म्हणजे टोकदार. टोकदार कान, टोकदार तोंड, म्हणून स्पिट्झ. या कुटुंबात पाच-पन्नास जाती येतात. बर्फात स्लेज ओढणारा हस्की त्यातलाच, सायबेरियाचा सामोयेड त्यातलाच, जपानी स्पिट्झ आणि अमेरिकन एस्किमोही त्यातलेच. त्या अमेरिकन एस्किमोची तर गंमतच आहे. त्याचा एस्किमो लोकांशी काहीही संबंध नाही. तो मूळचा जर्मन स्पिट्झ, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन नाव कुणाला नको झालं, म्हणून बारसं बदललं.

आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळात युरोपातून स्पिट्झ कुत्री आली. त्यांच्यापासून इथेच पिढ्यानपिढ्या पैदास होत गेली आणि इथल्या हवेत, इथल्या खाण्यावर जे टिकले त्यांचीच पुढे पिल्लं झाली. कुणी मुद्दाम प्रयोगशाळेत बसून ठरवलेलं नाही. हळूहळू जो घडला तो इंडियन स्पिट्झ. केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिलेली आहे. यात दोन आकार मानतात. लहान इंडियन स्पिट्झ पाच ते सात किलोचा, आणि मोठा त्याच्या दुपटीने, कधी त्याहून जास्त. आपल्या फ्लॅटमधला असतो तो बहुतेक वेळा लहान. रंग पांढरा जास्त दिसतो, पण तपकिरी आणि काळेही असतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकात परदेशातून जातिवंत कुत्री आणणं आजच्यासारखं सोपं नव्हतं, परवडणारं तर त्याहून नव्हतं. त्यामुळे मध्यमवर्गीय घराला 'विलायती' दिसणारा, कमी खाणारा, दोन खोल्यांत मावणारा कुत्रा हवा असेल तर पर्याय एकच होता. टफीने त्यावर शिक्का मारला. पुढे २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे पग चालत गेला आणि लोक पगच्या मागे लागले. मग लॅब्रॅडॉर, मग शित्झू. स्पिट्झ मागे पडला. आता तर गंमत अशी की, भारतीय जातींची चर्चा निघाली की मुधोळ हाउंड, राजपालयम, चिप्पीपराई ही नावं घेतली जातात आणि विलायती जातींची निघाली की पॉमेरियनचं. बिचाऱ्या स्पिट्झला दोन्हीकडे जागा नाही.

तो भुंकतो, कारण ते त्याचं कामच होतं

स्पिट्झ पाळलेल्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार एकच. भुंकतो फार. बेल वाजली भुंक, लिफ्टचा आवाज आला भुंक, कावळा गॅलरीत बसला भुंक. आरतीच्या वेळी तर टाळ वाजायला लागले की गळा वर करून सूर लावणारे स्पिट्झ मी तीन वेगवेगळ्या घरांत पाहिलेत.

याचं उत्तर पुन्हा जर्मनीत आहे. तिथल्या खेड्यांत स्पिट्झचं काम शिकार करणं किंवा मेंढ्या वळणं नव्हतं. घर, अंगण, द्राक्षमळा, मालाची गाडी, नदीतली बोट यांच्यावर नजर ठेवायची आणि परकं कुणी दिसलं की बोंब मारायची, एवढंच काम. तिकडे त्याला एक नाव होतं, मिस्टबेलर. अर्थ काय, तर उकिरड्यावर बसून भुंकणारा. शेतातली उंच जागा म्हणजे शेणखताचा ढीग, तिथे बसलं की चारी बाजूंनी नजर राहते. आपल्या सोफ्याच्या हातावर बसून खिडकीबाहेर बघणारा स्पिट्झ अगदी तेच करत असतो. फक्त उकिरड्याच्या जागी सोफा आलाय.

म्हणजे हा मांडीवर बसवायला बनवलेला कुत्रा नाही. लहान आकाराचा राखणदार आहे. त्यामुळे भुंकण्यावर ओरडून उपयोग होत नाही, त्याला वाटतं तुम्हीही त्याच्याबरोबर भुंकताय. त्याच्या लेखी काम पूर्ण होतं ते 'मालकाने बघितलं' की. दाराशी जायचं, बघायचं, शांत आवाजात "बस, पुरे" म्हणायचं आणि गप्प झाला की लगेच खाऊचा बारीक तुकडा द्यायचा. गप्प झाल्यावर, भुंकत असताना नाही. ही जात हुशार आहे, काही आठवड्यांत फरक पडतो. पूर्ण बंद होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आणि दिवसभर घर बंद करून सगळे ऑफिसला जाणार असाल तर स्पिट्झ नकोच. एकटा पडला की तो भुंकणं हेच पूर्णवेळ काम करतो आणि मग सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतो.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर सांगते. भारतीय जीव जंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, सगळ्या सभासदांनी मिळून ठराव केला तरी नाही. पण त्याच सूचनांमध्ये मालकांनाही सांगितलंय की शेजाऱ्यांना, विशेषतः रात्री, त्रास होणार नाही याची काळजी घ्या आणि कुत्र्याने केलेली घाण उचला. लोक पहिला भाग फॉरवर्ड करतात, दुसरा नाही.

टक्कल करू नका, प्लीज

एप्रिल लागला की पेट सलूनमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. पांढरा, भरगच्च केसांचा स्पिट्झ आत जातो आणि सोललेल्या कोंबडीसारखा बाहेर येतो. मालकाचं मन साफ असतं. "एवढे केस, बिचाऱ्याला किती गरम होत असेल."

मावशीही स्वीटीचं हेच करायची. पण यामागचा हिशोब चुकतो. आपल्याला घाम येतो सगळ्या अंगाला, म्हणून कपडे कमी केले की गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गादीला. त्याचं शरीर थंड होतं धाप टाकून, जीभ बाहेर काढून. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लव आणि वर लांब, सरळ केस. आतली लव उन्हाळ्याच्या तोंडावर आपोआप गळते. तीच ती वेळ, जेव्हा तुमच्या काळ्या पँटवर, सोफ्यावर आणि कधीकधी पोळीवरसुद्धा पांढरे केस सापडतात. वरचे केस मागे राहतात आणि ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. ते काढले की खालची गुलाबी कातडी उघडी पडते. ती उन्हाने भाजू शकते.

आणि दुसरं म्हणजे, स्पिट्झच्या जातींमध्ये मशीनने पार तळापर्यंत कापलेले केस कधीकधी महिनोन् महिने परत येतच नाहीत, किंवा येतात ते ठिगळासारखे. आधी लव वाढते, वरचे केस मागे पडतात आणि कुत्रा गोधडीसारखा दिसायला लागतो. त्यामुळे कात्री लावायची ती पंजांमधल्या, शेपटीखालच्या आणि पोटाजवळच्या केसांना. बाकी रोज किंवा दिवसाआड दातेरी ब्रशने गळलेली लव विंचरून काढायची. हवा खेळती राहिली की झालं. त्वचेच्या आजारासाठी डॉक्टरांनी केस काढायला सांगितले तर गोष्ट वेगळी.

उन्हाळ्यात खरी काळजी वेगळ्या गोष्टींची घ्यायची असते. नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ला टेकतो. फिरवायचं ते सूर्य वर यायच्या आधी किंवा रात्री. रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. गाडीत काचा बंद करून 'दोन मिनिटांत आलोच' म्हणत त्याला ठेवून जाऊ नका. जोराची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळणारी चाल दिसली तर ते ऊन लागल्याचं लक्षण आहे. सावलीत आणा, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि त्याच वेळी दवाखान्याचा रस्ता धरा.

बरं, पावसाळा लागला की पाळी गोचीडांची. पांढऱ्या दाट केसांत गोचीड दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. कानामागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात. आपल्याकडे गोचीड ताप कुत्र्यांमध्ये बऱ्यापैकी आढळतो. खाणं सोडणं, ताप, हिरड्या पांढुरक्या पडणं, कधी नाकातून रक्त, असं दिसलं की रक्त तपासायचं. आणि एक, नाक गरम लागतंय म्हणून ताप आहे असं होत नाही. कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपला ताप तो त्याचा रोजचा दिवस. म्हणून घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार अजिबात करू नका, माणसांच्या यातल्या काही गोळ्या कुत्र्यांच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरतात.

दूध-पोळीवर वाढलेली पिढी

स्पिट्झ आपल्याकडे एवढा रुजला त्याचं एक कारण म्हणजे तो आपलं खाऊन जगला. दूध-पोळी, वरणभात, दहीभात. मांसाहार न करणाऱ्या घरांतही तो आनंदाने राहिला. कुत्रा तसाही निव्वळ मांसाहारी प्राणी नाही, त्यामुळे हे अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण नुसत्या दूध-पोळीत प्रथिनं कमी पडतात, शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि पोट कायम बिघडलेलं राहतं. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं अंडं, चिकन, पनीर, भाज्या यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्या.

आणि वजन. स्पिट्झचे गोड डोळे आणि आजीचा मऊ हात हे फार धोकादायक कॉम्बिनेशन आहे. सहा किलोच्या कुत्र्याला एक ग्लुकोजचं बिस्किट म्हणजे वजनाच्या हिशोबाने साठ किलोच्या माणसाला दहा. घरातल्या पाच जणांनी 'फक्त एकच' दिलं की झाली पन्नास. केसांमुळे जाडी दिसतही नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. बोटांना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, शोधाव्या लागल्या तर कुत्रा जाड झालाय. लहान कुत्र्यांच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतोच, त्यात वजन वाढलं की मागचा पाय उचलून लंगडत चालणं सुरू होतं. मऊ खाण्याने दातांवर किटण चढतं ते वेगळंच. तोंडाला वास येणं म्हणजे 'कुत्रा आहे, येणारच' असं नसतं, तो हिरड्यांचा आजार असतो. कुत्र्यांची टूथपेस्ट मिळते, लहानपणापासून सवय लावली तर तो घासू देतो.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे मात्र थोडंही नको. म्हणजे आपल्या घरातली फोडणीची आमटी, बेदाणे घातलेला शिरा आणि वाढदिवसाचा चॉकलेट केक तिन्ही बाद.

स्वीटीचं काय झालं

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येते.

स्वीटीची नसबंदी केलेली नव्हती. मावशीच्या भाषेत, "कशाला उगाच मुक्या जीवाला कापाकापी." घरातच तर असते, बाहेर सोडत नाही, मग गरज काय? ती नऊ वर्षांची असताना माजावर येऊन गेली. त्यानंतर महिनाभराने ती पाणी खूप प्यायला लागली. भांडं भरलं की रिकामं. घरात लघवी करायला लागली, जे तिने कधी केलं नव्हतं. खाणं कमी झालं. सगळ्यांना वाटलं, उन्हाळा आहे, वय झालंय. काकांनी तिला त्यासाठी दोनदा रागावलंसुद्धा, ते त्यांना अजून बोचतं. आठ दिवसांनी ती उठेना तेव्हा दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी केली. गर्भाशयात पू भरला होता. त्याच रात्री ऑपरेशन केलं, पण विष अंगात पसरलं होतं. पहाटे गेली.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. दर माजानंतर मादीच्या शरीरात असे बदल होतात की गर्भ राहो न राहो, गर्भाशय गर्भासाठी तयार होतं. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की आतलं अस्तर जाड होतं, त्यात जंतू शिरले की पू साठतो. माज संपल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत हे व्हायची शक्यता जास्त. कधी शेपटीखालून घाण वास येणारा स्राव दिसतो, तेव्हा निदान कळतं तरी. पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. जास्त पाणी, जास्त लघवी, सुस्ती, उलटी, फुगलेलं पोट, बस्स, एवढ्याच खुणा.

हे क्वचित होतं असं समजू नका. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा काढण्याची पद्धत मोठी आहे, त्यामुळे तिथे आजारांच्या नोंदी चांगल्या सापडतात. त्या नोंदींनुसार नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी जवळपास चारात एकीला वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा आजार होतो. आणि स्पिट्झ सहज १२-१४ वर्षं जगतो. म्हणजे ज्या वयात धोका वाढतो, ते वय गाठणारी ही जात आहे.

उपाय एकच, वेळेत नसबंदी. त्यात गर्भाशय आणि अंडाशय काढतात, मग हा आजार उरत नाही. शिवाय स्तनांच्या गाठींची शक्यताही कमी होते, विशेषतः पहिल्या एक-दोन माजांच्या आत केली तर. नेमकं कधी करायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि ज्यांच्या घरी आत्ता सहा-सात वर्षांची, नसबंदी न केलेली मादी आहे, त्यांनी माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि पुढचे दोन महिने पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवायचं. भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं तर त्याच दिवशी जायचं, रविवार संपायची वाट बघायची नाही.

मग आणायचा का?

आणायचा. लहान घरासाठी, आजी-आजोबा घरात असलेल्या कुटुंबासाठी, इथल्या हवेसाठी याच्याइतका सोयीचा कुत्रा मिळणं अवघड आहे. दिवसात दोनदा अर्धा-अर्धा तास फिरवलं तरी याला पुरतं. मुलांशी छान राहतो, फक्त तीन-चार वर्षांच्या पोराला केस ओढायला एकटं सोडू नका. राखणदार आहे, स्वाभिमान दुखावला तर दात दाखवतो.

आणताना मात्र 'टीकप पॉमेरियन' म्हणून कुणी पाच आठवड्यांचं पिल्लू दाखवलं तर तिथून निघा. टीकप अशी कुठली मान्य जातच नाही. पिल्लू लहान दिसतंय कारण ते लहान आहे, किंवा उपाशी आहे. मोठं झालं की त्याचा बऱ्याचदा स्पिट्झ होतो आणि पैसे पॉमेरियनचे गेलेले असतात. २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी विचारा, आईला बघायला मागा. आई दाखवत नसेल तर का दाखवत नाही याचा विचार करा.

किंवा जवळच्या प्राणीमित्र संस्थेत एकदा विचारून बघा. घर बदललं, बाळ झालं, मालक वारले, अशा कारणांनी सोडून दिलेले आणि पैदाशीसाठी वापरून म्हातारे झालेले स्पिट्झ तिथे येतात. सवयी लागलेल्या असतात, स्वभाव कळलेला असतो. मधल्या वयाच्या जोडप्याला तर पिल्लापेक्षा पाच वर्षांचा स्पिट्झ जास्त सोपा जातो.

आणल्यावर रेबीजची लस दर वर्षी, घरातच राहत असला तरी. इतर लसी, जंताचं औषध, पालिकेचा परवाना. मानेला पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घ्या, लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि स्पिट्झ मांजर दिसली की जीव खाऊन ओढतो.

आणि एक हिशोब आधीच करून ठेवा. कुत्रा बहुतेक वेळा मुलाच्या हट्टामुळे येतो. मूल दहा वर्षांचं असताना पिल्लू आणलं, तर मूल अठराचं होऊन पुण्याला किंवा बंगलोरला शिकायला जाईल तेव्हा कुत्रा आठ वर्षांचा असेल. पुढची चार-सहा वर्षं, म्हणजे दवाखान्याची वर्षं, तो आईचा. माझ्या मावसभावाने हट्ट करून स्वीटी आणली होती, आणि ती गेली तेव्हा तो हैदराबादच्या हॉस्टेलमध्ये होता. पाण्याचं भांडं रोज मावशीच भरत होती.

मावशीकडे आता पुन्हा स्पिट्झ आहे. सोडून दिलेली, अंदाजे चार वर्षांची, एका डोळ्याने कमी दिसणारी. आणल्यावर पहिल्या महिन्यातच तिची नसबंदी करून घेतली. कार्डावर जातीच्या रकान्यात यावेळीही डॉक्टरांनी 'पॉम' लिहिलं होतं. मावशीने ते त्यांना खोडून दुरुस्त करायला लावलं.